भिंतीस भोंक पाडण्यापूर्वीं

चैत्र संपत आला कीं वऱ्हाडांतील घरोघरीं एकच विषय निघतो. अकोल्याचा व अमरावतीचा पारा वैशाखांत ४५ अंशांच्या आसपास खेळूं लागतो, वाळ्याचे पडदे आणि कूलर दुपारच्या सुमारास हात टेकतात, आणि त्याचा त्रास सर्वांच्या आधीं घरांतील वृद्धांस होतो. मग मुलगा म्हणतो, आजोबांच्या खोलींत थंड हवेचें यंत्र बसवूं. सूनबाई म्हणतात, त्याबरोबरच स्वयंपाकघरांतील धूर बाहेर काढण्याची सोय होऊन जाऊं द्या. सासूबाई हळूच सुचवितात कीं, गुडघ्यांमुळें परसांत जाणें आतां होत नाहीं, तेव्हां माजघरालगत एक संडास झाल्यास बरें. तिन्ही मागण्या रास्त आहेत. तिन्हींची वाट मात्र एकाच वस्तूंतून जाते. ती म्हणजे घराची भिंत.

भिंतीस भोंक पाडणें ही गोष्ट इतकी क्षुल्लक समजली जाते कीं, यंत्राच्या किंमतीची चौकशी चार दुकानांत करणारा गृहस्थ त्या भोंकाची चौकशी एकाही ठिकाणीं करीत नाहीं. यंत्र बसविणारा मुलगा येतो, हातांतील ठोक्याचें यंत्र भिंतीस लावतो आणि अर्ध्या तासांत निघून जातो. परकोटाच्या आंतील एका परिचित घरीं असेंच झालें. भिंत दोन फूट जाडीची, दगडमातीची. एक फूट आंत जातांच नळींत एक सुटा दगड अडकला, यंत्र हातांतच फिरलें आणि त्या मुलाचें मनगट मुरगळलें. आंतल्या बाजूस टोपलीभर दगड व माती कोसळली, आणि शेजारच्या खिडकीची पायली बसली. पुढें दोन महिने त्या भिंतीला टेकू देऊन घरांतील मंडळी वावरत होतीं. सुदैवानें खालीं कोणी निजलेलें नव्हतें. ज्या आजोबांसाठीं हा खटाटोप, त्यांचा उन्हाळा ओसरीवरच गेला.

तेव्हां चांगलें हत्यार कोणतें, हा प्रश्न विचारण्यापूर्वीं भिंत कोणती, हें विचारलें पाहिजे. सन १८०७ च्या सुमारास निजामाच्या अमलांत, पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचें रक्षण व्हावें म्हणून, अमरावतीच्या वस्तीभोंवतीं दगडी परकोट उभा राहिला. सव्वादोन मैलांच्या त्या भिंतीस पांच दरवाजे आणि चार खिडक्या होत्या. बांधणाऱ्यांनीं वाटा आधीं ठरविल्या आणि भिंत मागाहून चढविली. म्हणून दरवाज्यावरचा भार दोहों बाजूंनीं खालीं उतरतो. आपण करतों तें याच्या उलट आहे. भिंत शंभर वर्षें भार वाहत उभी असते आणि आपण तिच्या पोटांतून वाट मागतों. ती देईल कीं नाहीं, हें ती कशाची बनली आहे यावर अवलंबून आहे.

आपल्या प्रांतांत एकाच गल्लींत चार जातींच्या भिंती आढळतात. जुनीं धाब्याचीं घरें पांढऱ्या मातीचीं. त्यांची भिंत दोन-अडीच फूट रुंद, उन्हाळ्यांत थंड, पाण्याला मात्र भित्री. दुसरी, काळ्या दगडाची व मातीच्या सांध्याची. दर्शनी बाजूस घडीव दगड, आंतून ओबडधोबड, आणि मध्यें माती व चिपा यांचें भरण. वरून ती किल्ल्यासारखी दिसते, पण तिचें पोट पोकळ असतें, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. तिसरी विटांची. चुन्यांतील वीटकाम किती टिकाऊ असतें हें पाहावयाचें असेल तर १७५७ मध्यें पुरा झालेला बाळापूरचा किल्ला पाहावा. चौथी हल्लींच्या घरांची. लोखंडी सळयांच्या काँक्रीटचा सांगाडा आणि मध्यें विटा. राखेच्या विटाही आतां सर्रास दिसतात. पारसचें वीजकेंद्र अकोला जिल्ह्यांतच असल्यानें ती राख आपणांस परकी नाहीं.

कित्येक घरांत या चारही जाती एकत्र नांदतात. पणजोबांनीं मातीचें माजघर बांधलें, आजोबांनीं पुढें विटांची ओसरी काढली, वडिलांनीं मागें स्लॅबचें स्वयंपाकघर जोडलें, आणि वरून सर्वांवर सारखाच सिमेंटचा गिलावा चढला. गिलाव्यावरून भिंतीची परीक्षा करणें म्हणजे अंगरख्यावरून प्रकृतीची परीक्षा करण्यासारखें आहे. खरी परीक्षा सोपी आहे. जेथें भोंक हवें तेथें मध्यभागीं आठ मिलिमीटरच्या साध्या बिटानें एक बारीक छिद्र पाडावें आणि खालीं पांढरा कागद धरावा. लाल भुकटी पडली तर वीट. करडी, गुळगुळीत व बिट सरकत नसेल तर दगड. फिक्कट करडी, मधून मधून खडा लागल्यासारखी, तर काँक्रीट. आणि भुकटीऐवजीं पिवळसर माती भुरभुर गळूं लागली व बिट लोण्यांत जावें तसें गेलें, तर यंत्र तेथेंच बंद करून गवंड्यास बोलवावें. आंत लाकूड लागल्यास भुशावरून तें कळतें. जुन्या वाड्यांत लाकडी खांब भिंतींत बुजविलेले असतात, आणि त्यांच्यावर तुळई टेकलेली असते, हें विसरूं नये. मुहूर्त पाहणाऱ्यांनीं तो अवश्य पाहावा. पण मुहूर्ताच्या आधीं हें छिद्र पाडून पाहावें.

आतां हत्याराकडे वळूं. छिन्नी-हातोडीनें चार इंचांचें भोंक पाडावयाचें तर आंतील सर्व दगड वा वीट फोडून काढावी लागते, आणि प्रत्येक घावाचा धक्का शेजारच्या सांध्यांना बसतो. पोकळ नळीची युक्ति निराळी आहे. तिच्या कडेला दांते असतात. ती फिरूं लागली कीं फक्त एक बारीक कडें कापलें जातें आणि मधला गाभा सबंध बाहेर येतो. पांच इंची नळीची कापण्याची रुंदी सुमारें चार मिलिमीटर असते. म्हणजे सबंध वर्तुळ फोडण्याऐवजीं त्याचा सुमारें आठवा हिस्साच कापावा लागतो. बाजारांत हिला कोअर बिट किंवा कोअर कटर म्हणतात; येथें आम्ही तिला नळीच म्हणूं. ही कल्पना नवी नव्हे. प्राचीन मिसरी कारागीर तांब्याच्या नळीखालीं वाळू घालून कठीण दगडांत अशींच भोंकें पाडीत असत, आणि त्यांच्या नळींतून निघालेले दगडी गाभे संशोधकांस सांपडलेले आहेत. आधुनिक काळांत लेशो नांवाच्या स्विस अभियंत्यानें सन १८६२-६३ च्या सुमारास नळीच्या तोंडाशीं हिरे बसवून खडक कापण्याची योजना मांडली. सन १९५४ मध्यें अमेरिकेंत कृत्रिम हिरा तयार झाला आणि पुढें ही चैन गवंड्याच्या पिशवींत आली. ज्या देशाच्या खाणींनीं अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक सर्व जगास हिरे पुरविले, त्या देशांत हिऱ्यानें संडासाच्या नळासाठीं भोंक पाडावें, यांत आम्हांस तरी कांहीं वावगें वाटत नाहीं. तिजोरींत पडून राहण्यापेक्षां हा उपयोग पुष्कळ बरा.

नळ्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीच्या कडेला टंगस्टन कार्बाइडचे दांत असतात आणि ती ठोके देत फिरते. दुसरीच्या कडेला धातूच्या भुकटींत हिऱ्याचे कण मिसळून केलेले लहान लहान तुकडे जडविलेले असतात आणि ती केवळ फिरून घासते. पहिली स्वस्त, विटेच्या भिंतींत अडीच इंचांपर्यंतच्या भोंकास ती पुरते, परंतु तिच्या ठोक्यांनीं पलीकडच्या बाजूचा गिलावा ताटाएवढा सुटतो, आणि सळई लागली कीं दांत झडतात. दुसरी महाग, पण तिचें भोंक चाकूनें कापल्यासारखें निघतें. जुन्या व नाजूक विटकामांत ठोक्याची नळी वापरूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि हिऱ्याची नळी लावली असतां यंत्राचा ठोका आठवणीनें बंद करावा. ठोक्यानें हिऱ्याचे तुकडे निखळतात आणि नवी नळी पहिल्याच दिवशीं निकामी होते. यंत्रावरील खटका फिरविण्यास एक क्षण लागतो, आणि नेमका तोच क्षण घाईंत वाचविला जातो.

येथें एक गोष्ट विस्तारानें सांगणें जरूर आहे, कारण दुकानांत ती क्वचितच कोणी समजावून सांगतो. साधारण समजूत अशी कीं, कठीण दगडासाठीं कठीण नळी आणि मऊ विटेसाठीं मऊ नळी घ्यावी. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. हिऱ्याचे कण ज्या धातूंत रुतविलेले असतात तो धातु झिजत गेला पाहिजे, तरच बोथट झालेले कण गळून पडतात आणि खालचे ताजे कण वर येतात. काळा दगड कठीण असला तरी त्याची भुकटी बारीक असते. ती धातूला फारशी खात नाहीं. म्हणून त्यासाठीं धातु मऊ हवा, म्हणजे तो लवकर झिजेल. वीट मऊ असली तरी तिची भुकटी वाळूसारखी खरखरीत असते. ती धातु झपाट्यानें खाऊन टाकते. म्हणून तिच्यासाठीं धातु कठीण हवा. विटेची नळी काळ्या दगडावर चालविली तर कांहीं मिनिटांत तिचें तोंड आरशासारखें चकचकीत होतें, नळी नुसती फिरत राहते, तापते, आणि पुढें कांहीं जात नाहीं. अशा वेळीं पुष्कळ जण अधिक जोर लावतात. जोरानें उपयोग होत नाहीं. ती नळी एखाद्या खरखरीत विटेंत किंवा वाळूच्या दगडांत थोडा वेळ चालवावी, म्हणजे चकाकी जाऊन हिऱ्याचे कण पुन्हां उघडे पडतात. उलट दगडाची नळी विटेंत चालविली तर ती सुरेख कापते, आणि दोन-चार भोंकांत संपते.

आपल्याकडे ही गोष्ट विशेष महत्त्वाची कां, तर दख्खनचा सारा पाषाण ज्वालामुखीचा. वऱ्हाडांतील खाणींची खडी म्हणजे तोच काळा दगड. त्यामुळें आपलें काँक्रीट हें खडीच्या बाबतींत काळ्या दगडासारखेंच वागतें. दुसऱ्या प्रांतांतील चुनखडीच्या खडीवर उत्तम चालणारी नळी येथें अडखळली तर दोष नेहमींच नळीचा नसतो. दुकानदारास "चांगली नळी द्या" असें म्हणूं नये. "काळ्या खडीच्या काँक्रीटसाठीं" किंवा "पक्क्या विटेसाठीं" असें म्हणावें, आणि तो कोणतीही चालते म्हणाला तर पुढच्या दुकानीं जावें.

सुकें कीं ओलें, हाही प्रश्न आहे. विटेंत सुकी नळी चालते. तिला बाजूला चिरा असतात व त्यांतून भुकटी बाहेर पडते. मधून मधून नळी बाहेर काढून तिला थंड होऊं द्यावें. काळ्या दगडाला व काँक्रीटला पाण्याची नळी हवी. पाणी नळीला थंड ठेवतें आणि गाळ धुऊन नेतें. मातीच्या सांध्याच्या भिंतींत मात्र पाण्याचा थेंबही नको, कारण ज्या मातीनें दगड धरून ठेविले आहेत तीच त्यानें सुटते. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत राहणाऱ्यांनीं आणखी एक पथ्य पाळावें. बोअरचें खारें पाणी या कामास वापरूं नये. विटेंत मुरलेला क्षार पुढें लोणा होऊन गिलावा फोडीत बाहेर येतो. काटेपूर्णेचें किंवा ऊर्ध्व वर्धेचें नळाचें दोन बादल्या पाणी आदल्या रात्रीं भरून ठेवणें कठीण नाहीं.

यंत्र पाहतांना दुकानदार वॅटचे आंकडे सांगतो. हातांत धरून चालवावयाच्या सुक्या नळीच्या यंत्राला, पांच इंचांपर्यंतच्या कामास, १,५०० ते २,००० वॅटची शक्ति पुरते. पण आमच्या मतें पहिला प्रश्न वॅटचा नसून क्लचचा आहे. नळी अडकतांच मोटर व नळी यांची सांगड सोडविणारा क्लच यंत्रांत नसेल, तर नळी थांबते आणि यंत्र फिरतें, व यंत्राबरोबर धरणाऱ्याचे हात. वर सांगितलेल्या मनगटाचें कारण हेंच. क्लच नसलेलें यंत्र कितीही स्वस्त मिळत असलें तरी घरांत आणूं नये. दुसरें, वेग बदलतां आला पाहिजे. नळी जितकी मोठी तितके फेरे कमी. काँक्रीटमध्यें दोन इंची नळीला मिनिटास ९०० च्या आसपास फेरे योग्य असले तर पांच इंचीला ४०० च्या सुमारास पुरेत. विटेंत यापेक्षां अधिक वेग चालतो. तिसरें, आटे जुळतात कीं नाहीं तें पाहावें. पाण्याच्या नळ्यांना बहुधा सव्वा इंची आटे असतात, सुक्यांना अर्धा इंची, आणि कित्येक लहान नळ्या ग्राइंडरच्या आट्याच्या येतात. घरीं आल्यावर ही विसंगति उमगली म्हणजे सुटी वाया जाते. काँक्रीटमध्यें मोठें भोंक पाडावयाचें तर यंत्र भिंतीला घट्ट बसविलेल्या स्टँडवरच चालवावें.

माप घेतांना नळाचें नुसतें नांव ऐकूं नये. संडासाचा "चार इंची" नळ बाहेरून ११० मिलिमीटर भरतो. त्याला पांच इंची म्हणजे १२७ मिलिमीटरची नळी लागते. थंड हवेच्या यंत्राच्या दोन तांब्याच्या नळ्या, त्यांचें वेष्टण, वायर व पाण्याचा पाइप मिळून अडीच इंचांत सुखानें जातात. दोन इंचांत कोंबल्यास वेष्टण फाटतें आणि पुढें भिंत ओलावते. धूर काढणाऱ्या मोठ्या पंख्याला चौकोनी खिडकीच पाहिजे. तें काम गवंड्याचें आहे. नळीची लांबीही पाहावी. विटेची भिंत नऊ किंवा चौदा इंचांची असते आणि सुकी नळी कित्येकदां सहा इंचच लांब असते. अशा वेळीं सहा इंचांनंतर गाभा तोडून काढून, जोडदांडा लावून पुढें जावें लागतें. दोन फुटी भिंतीस हा खेळ चार वेळां करावा लागेल, हें आधींच ध्यानीं असावें.

भोंक कोठें नको, हें मोजक्या शब्दांत सांगतां येतें. खांब, तुळई व दारा-खिडकीवरील पट्टी यांना हात लावूं नये. हिऱ्याची नळी सळई कापूं शकते म्हणून ती कापावी असें नाहीं. भिंतीच्या कोपऱ्यापासून व खिडकीच्या कडेपासून हातभर दूर राहावें. विजेच्या खटक्याच्या सरळ वर वा खालीं आणि नळाच्या तोटीच्या रेषेंत बहुधा वायर किंवा पाइप गाडलेला असतो. दगडमातीच्या भिंतीबद्दल आमचा सल्ला असा कीं, तेथें नळीचा मोहच सोडावा. जाणत्या गवंड्यानें सांध्याच्या रेषेवरचा एक दगड हलक्या हातानें काढावा, त्या जागीं नळ बसवावा आणि भोंवतालीं चुन्यांत चिपा भरून घ्याव्यात. यास दोन दिवस लागतील, परंतु भिंत जागेवर राहील.

प्रत्यक्ष कामाचे वेळीं मघाचें बारीक छिद्र आरपार न्यावें, आणि तें बाहेरच्या अंगास किंचित् उतरतें असावें, म्हणजे पावसाचें पाणी आंत येत नाहीं व यंत्राचें पाणी बाहेर जातें. मग नळी अर्धी आंतून व अर्धी बाहेरून चालवावी; दोन्हीकडचा गिलावा शाबूत राहतो. एकाच बाजूनें जावयाचें असेल तर पलीकडे एक मोठें माणूस उभें ठेवावें आणि मुलांस तेथून हांकलावें. पांच इंच रुंद व चौदा इंच लांब असा विटेचा गाभा सात-आठ किलो भरतो, दगडाचा अकरा-बारा. तो वरच्या मजल्यावरून अंगणांत पडला तर काय होईल हें सांगावयास नको. सुक्या नळीची धूळ फुफ्फुसांस घातक असते. तोंडाला पदर किंवा रुमाल पुरत नाहीं, एन-९५ जातीची मुखपट्टी चालविणाऱ्यानें व मदतनीसानें दोघांनींही घालावी, आणि दमेकऱ्यांस त्या दिवशीं दुसऱ्या घरीं पाठवावें. पाण्याचें यंत्र तर अर्थिंगची तीन पिनी जोडणी व तीस मिलिअँपियरचा गळती-प्रवाह तोडणारा खटका असल्यावांचून लावूंच नये.

यंत्र विकत घ्यावें कीं भाड्यानें आणावें? ज्या कुटुंबास दहा वर्षांत चार भोंकें लागणार, त्यानें पाण्याचें मोठें यंत्र घेऊन ठेवणें म्हणजे एका लग्नासाठीं घोडा पाळण्यासारखें आहे. अकोला व अमरावती या दोन्ही शहरांत कोअर कटिंग करणारे कारागीर इंचाच्या हिशेबानें काम घेतात. त्यांस बोलवावें, पण वर सांगितलेले प्रश्न विचारून. घरीं क्लच असलेलें एक बऱ्यापैकीं ठोक्याचें यंत्र व विटेसाठीं एक अडीच इंची नळी असावी. तेवढी सामग्री नेहमींच्या कामास पुरते.

सामाईक भिंतीविषयीं एक शब्द. वाटणी झालेल्या वाड्यांत मधली भिंत दोघां भावांची असते, आणि अलीकडच्या भोंकाची धूळ पलीकडच्या देवघरांत पडते. आधीं जाऊन, "दादा, या ठिकाणीं अडीच इंचांचें भोंक घ्यावयाचें आहे, आपण एकदां पाहून जावें," एवढें म्हटलें तर बहुतेक वेळां दादा स्वतःच पलीकडे उभे राहतात. न विचारतां पाडलेल्या भोंकापायीं कोर्टाच्या पायऱ्या चढलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. फ्लॅटमध्यें दादांच्या जागीं सोसायटी असते. बाहेरच्या भिंतीस हात लावण्यापूर्वीं तिची लेखी संमति घ्यावी.

नळ बसल्यावर भोंवतालची फट उघडी ठेवूं नये. विटेच्या व काँक्रीटच्या भिंतींत सिमेंट चालेल. मातीच्या व चुन्याच्या भिंतींत चुनाच भरावा, कारण सिमेंट ओल कोंडून धरतें व भोंवतालची माती सोडून वेगळें होतें. भोंक पाडून ठेविलें आणि यंत्र यावयास आठवडा लागणार असेल, तर त्यास दोन्ही बाजूंनीं तारेची जाळी लावावी. उंदीर व पाली तर येतातच, पण उन्हाळ्याच्या दिवसांत थंड भिंतीच्या शोधांत असलेला विंचूही त्या वाटेनें आंत येतो.